नवी हायब्रिड गाडी: देखभाल, डीलर आणि वॉरंटीचं व्यवहारज्ञान

हायब्रिड घेणाऱ्या बहुतेकांना धास्ती असते ती मोठ्या बॅटरीची. ती कधी जाईल, बदलायला किती लागतील, वाटेत फुटणार तर नाही ना. पण नवी हायब्रिड दारात उभ्या उभ्या मुकी होते, ती सहसा १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीमुळे. पुढे काही वर्षांनी मोठी बॅटरी खरंच आजारी पडली, तर तिच्या पंख्याच्या जाळीवरची धूळ हे एक नेहमीचं कारण निघतं. आणि वॉरंटीचा दावा अडतो तो बऱ्याचदा कागदावर. म्हणून या लेखात मोठ्या बॅटरीपेक्षा या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनाच जास्त जागा दिली आहे.

आधी गाडीचा प्रकार ओळखा

माइल्ड हायब्रिडमध्ये इंजिनाला हातभार लावणारी छोटी मोटर असते आणि तिची यंत्रणा बहुधा १२ किंवा ४८ व्होल्टची असते. अशी गाडी नुसत्या विजेवर धावत नाही, आणि तिची देखभाल जवळपास साध्या पेट्रोल गाडीसारखीच असते. फुल हायब्रिड कमी वेगात नुसत्या मोटरवर चालू शकते. तिची बॅटरी साधारण दोनशे व्होल्टच्या घरातली असते. उदाहरणार्थ, दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये ७.२ व्होल्टचे २८ मॉड्यूल (बॅटरीचे छोटे संच), म्हणजे २०१.६ व्होल्ट होते आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलणारा भाग) हा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, ५०० व्होल्टपर्यंत चढवत असे. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी त्याहून मोठी असते आणि तिला बाहेरून चार्जिंग लागतं. पुढचं बहुतेक विवेचन फुल हायब्रिडला धरून आहे. प्लग-इनचा फरक जिथे पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

नारिंगी रंगाच्या केबल दिसल्या की तिथून पुढे आपलं काम संपलं असं समजा. ६० व्होल्टच्या वरचा डीसी दाब जिवावर बेतू शकतो. प्रशिक्षित मेकॅनिकसुद्धा आधी १००० व्होल्टला चालणारे हातमोजे घालतो, सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा खटका) काढतो, कॅपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) रिकामे व्हायला निदान दहा मिनिटं थांबतो, मीटर लावून दाब शून्य झाल्याची खात्री करतो आणि मगच हात लावतो. गाडी पाण्यात बुडाली किंवा अपघातात सापडली, तर ती चालू करून बघू नका. उचलून न्यायला सांगा आणि हायब्रिड आहे हे आधीच कळवा.

ताबा घेण्याआधी

डीलरकडे गाडी ग्राहकाला देण्याआधीच्या तपासणीची एक यादी असते. ती भरलेली, सही केलेली यादी मागून घ्या आणि तिची प्रत स्वतःकडे ठेवा. मग दिवसाउजेडी हे बघा:

१. चासी नंबर गाडीवर, इनव्हॉइसवर आणि वॉरंटी पुस्तिकेत तंतोतंत जुळतो का.

२. टायरच्या बाजूवर शेवटचे चार अंक: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५ वा आठवडा. पाचही टायरचे आकडे जवळपासचे असावेत. एखादा फारच वेगळा असेल तर का, ते विचारा.

३. टायरमधली हवा. वाहतुकीसाठी ती मुद्दाम जास्त भरलेली असते आणि कमी करायची राहून जाते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून बघा.

४. १२ व्होल्टची बॅटरी. गाडी यार्डात महिनोन् महिने उभी असेल, तर ही बॅटरी एकदा तरी पूर्ण उतरलेली असण्याची दाट शक्यता असते. लेड-ॲसिड बॅटरी एकदा खोल उतरली की पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. व्होल्टेज मोजून आकडा यादीत लिहायला लावा.

५. किलोमीटर. ओडोमीटरवर काही शेकडा दिसत असतील तर गाडी टेस्ट ड्राइव्हला वापरलेली असू शकते. तशी असली, तर वॉरंटी आधीच सुरू झाली आहे का, हे लेखी विचारा.

६. दोन्ही किल्ल्या आणि त्यांच्यात दडवलेली धातूची साधी किल्ली. ती कुठे लागते ते पुढे येईलच.

ताब्याच्या दिवशी टेबलावर आणखी एक यादी सरकवली जाते: पेंटवरचं कोटिंग, खालच्या बाजूचं अँटीरस्ट, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज. त्या दिवशी यातलं काहीच ठरवायची गरज नसते. कंपनीच्या कारखान्यात गंजरोधक थर दिलेलाच असतो, आणि नंतर फवारलेलं जाड कोटिंग पाणी निचरायची भोकं बुजवू शकतं. वाढीव वॉरंटी बहुतेक ठिकाणी मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत नंतरही घेता येते. उशीर केला तर भाव वाढतो का, एवढं मात्र विचारून ठेवा.

'रेडी' दिव्याची सवय

इंजिनाचा आवाज नाही म्हणजे गाडी बंद, हा पेट्रोल गाडीचा हिशेब इथे चालत नाही. डॅशबोर्डवर 'रेडी' पेटलेलं असेल तर गाडी चालू आहे. इंजिन कधीही आपसूक सुरू होईल. बंद गॅरेजमध्ये अशी गाडी सोडून गेलात तर कार्बन मोनॉक्साइड साठून जीव जाऊ शकतो. बॉनेट उघडण्याआधी गाडी पूर्ण बंद करा आणि किल्ली गाडीपासून दूर ठेवा.

उलट चूक अशी: रेडी न करता नुसतं बटण दाबून गाणी लावून बसणं. त्या वेळी सगळा भार १२ व्होल्टवर असतो आणि ती भरली जात नाही. बराच वेळ गाडीत बसायचं असेल तर मोकळ्या जागेत, पार्किंगमध्ये टाकून, रेडी करूनच बसा. गिअर न्यूट्रलला ठेवू नका, कारण टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये न्यूट्रलला मोठी बॅटरी चार्ज होत नाही. वाहतुकीच्या कोंडीत न्यूट्रलला टाकून एसी चालवत राहिलं की ती उतरतच जाते.

बारा व्होल्टची बॅटरी

फुल हायब्रिडमध्ये ही बॅटरी इंजिन फिरवत नाही. ते काम मोठ्या बॅटरीवरची मोटर करते. छोटी बॅटरी फक्त कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडते. म्हणूनच ती आकाराने लहान, बहुतेक वेळा ३५ ते ४५ अँपिअर-तासांची असते. आणि म्हणूनच ती मरणपंथाला लागली तरी कळत नाही. साध्या गाडीत स्टार्टर कुंथायला लागतो आणि आधी सूचना मिळते. इथे काल ठीक होती, आज दारही उघडत नाही.

गाडी बंद असतानाही अलार्म, किल्लीचा रिसीव्हर वगैरे मिळून काही मिलिअँपिअर खात असतात. ५० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, तीन आठवड्यांत २५. चाळीसच्या बॅटरीतून एवढे गेले की उरतं काय? त्यात पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम असेल आणि तो २५० मिलिअँपिअर ओढत असेल, तर चार दिवसांतच निम्म्याहून जास्त बॅटरी संपते. ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरला तपासणीचं यंत्र जोडायची जागा) कायम खोचून ठेवलेला ब्लूटूथ डोंगलही हेच करतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. गाडी रात्रभर बंद ठेवा. सकाळी मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावून बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधल्या जंप टर्मिनलवर मोजा. दार उघडताच दिवे आणि कॉम्प्युटर जागे होतात, म्हणून दोनेक मिनिटं थांबून आकडा घ्या. १२.६ किंवा वर असेल तर भरलेली (एजीएम, म्हणजे ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेल्या प्रकारची असेल तर १२.८ च्या आसपास), १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग गाडी रेडी करा. आता १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं, कारण मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर छोटीला भरत असतो. काही नव्या गाड्या इंधन वाचवायला मधूनमधून हा दाब थोडा खाली आणतात, तो दोष नाही. पण रेडीतही आकडा १२ च्या घरातच अडकून राहिला तर भरणाच होत नाहीये. गाडी थेट वर्कशॉपला न्या.

बॅटरी उतरलीच तर:

१. रिमोट चालणार नाही. किल्लीतली धातूची किल्ली काढून चालकाचं दार उघडा. बॅटरी डिक्कीत असली आणि डिक्कीचं कुलूप विजेवरचं असलं तरी घाबरू नका. बॉनेट आतल्या तारेने उघडतं आणि जंप टर्मिनल तिथेच असतं.

२. लाल केबल आधी जंप टर्मिनलच्या धनाला, दुसरं टोक मदतीच्या बॅटरीच्या धनाला. काळी केबल मदतीच्या बॅटरीच्या ऋणाला, शेवटचं टोक आपल्या गाडीच्या रंग नसलेल्या धातूला.

३. मदतीची गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवा, मग आपली गाडी रेडी करा. रेडी आलं की केबल उलट क्रमाने काढा.

४. निदान तासभर रेडीत राहू द्या, नंतर योग्य चार्जरने पूर्ण भरा.

धन-ऋण उलटं जोडलं तर मुख्य फ्यूज जातो, कधी कन्व्हर्टरही, आणि ती चूक वॉरंटीत बसत नाही. आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी चालू करून द्यायची वेळ आली तर आधी पुस्तिका वाचा. बऱ्याच कंपन्या त्याला स्पष्ट मनाई करतात, कारण समोरच्या स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा हिसका या छोट्या बॅटरीला आणि कन्व्हर्टरला झेपणारा नसतो.

बदलताना मूळची एजीएम असेल तर एजीएमच घ्या. प्रवासी बसतात त्या भागात किंवा डिक्कीत बसवलेल्या बॅटरीला हवा बाहेर सोडणारी नळी असते. ती नव्या बॅटरीला जोडून घेतली की नाही, हे स्वतः बघा. आणखी एक: छोट्या बॅटरीची वॉरंटी मोठ्या बॅटरीबरोबर जात नाही. ती वेगळी आणि बरीच आखूड असते. नवी असतानाच ती दोनदा आपोआप उतरली तर बॅटरी चाचणीचा छापील निकाल मागा, आणि गाडी झोपल्यावर किती करंट ओढते तेही मोजायला सांगा. नुसतं चार्ज करून परत दिलेली बॅटरी वॉरंटी संपेपर्यंत कशीबशी तग धरते.

मोठी बॅटरी आणि तिचा श्वास

गाडीचा कॉम्प्युटर या बॅटरीला कधी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. निकेल-मेटल हायड्राइड प्रकारात ती साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात खेळवली जाते, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. पडद्यावरचे सगळे रकाने भरलेले दिसले तरी ते या पट्ट्याचं वरचं टोक असतं. तिला 'व्यायाम' द्यायची, मुद्दाम उतरवून भरायची काहीच गरज नाही. सर्व्हिसिंगच्या बिलात 'हायब्रिड बॅटरी कंडिशनिंग' असं काही दिसलं, तर ते कंपनीच्या वेळापत्रकात कुठल्या पानावर आहे ते दाखवायला सांगा.

तिचे खरे शत्रू दोन: उष्णता आणि पडून राहणं.

अनेक फुल हायब्रिडमध्ये बॅटरी केबिनमधल्या हवेने थंड होते. मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली जाळी असते, तिच्यामागे पंखा. जाळीवर पिशवी, चादर, लहान मुलांची खेळणी टेकलेली असतील तर हवा अडते. कुत्र्या-मांजराचे केस तर सरळ फिल्टरवर नमद्यासारखे बसतात. मग पंखा जोरात फिरतो, बॅटरी तापते, कॉम्प्युटर तिचा वापर आखडता घेतो आणि इंजिन जास्त चालतं. चालकाला दिसतं ते एवढंच की मायलेज घसरलं.

साफसफाई घरी होते. गाडी बंद, किल्ली दूर. जाळीचं झाकण क्लिपवर असतं. हलक्या हाताने, प्लॅस्टिकच्या पट्टीने उचका. फिल्टर काढून व्हॅक्यूम करा, किंवा आतल्या बाजूने बाहेर अशी हलकी हवा मारा. पुस्तिकेत परवानगी असेल तरच साध्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. ओला फिल्टर थेट उच्च दाबाच्या बॅटरीकडे पाणी नेतो. दर सहा महिन्यांनी किंवा १०,००० किलोमीटरला बघणं पुरेसं आहे, घरात पाळीव प्राणी असेल तर महिन्याला. तारीख आणि किलोमीटर लिहून फोटो काढून ठेवा. काही पुस्तिकांत ही सफाई मालकाची जबाबदारी म्हणून नोंदवलेली असते, आणि पुढे दावा करताना हाच फोटो कामाला येतो. बॅटरी द्रवाने किंवा एसीच्या गॅसने थंड होणारी असेल तर असा फिल्टर नसतो.

बॅटरी कमजोर होत असल्याची चिन्हं: पडद्यावरचे रकाने काही मिनिटांत भरतात आणि तितक्याच झटकन उतरतात, इंजिन सिग्नललाही थांबत नाही, पंख्याचा आवाज थंड हवेतही सतत. यावर पी०ए८० हा कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) आला, की 'बॅटरी पॅक बदला' असं सांगितलं जातं. थांबा. पॅकमधल्या मॉड्यूलना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या आणि व्होल्टेज मोजणाऱ्या तारांची टोकं गंजली तरी ब्लॉकचे (मॉड्यूलच्या गटांचे) आकडे चुकीचे दिसतात. त्या तपासल्या का, आणि प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज भाराखाली किती आलं, हे छापून मागा. एकच ब्लॉक सतत खाली असणं आणि सगळेच ढेपाळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गाडी महिना-दोन महिने उभी ठेवायची असेल तर आदल्या दिवशी अर्धा तास चालवून आणा. १२ व्होल्टला चार्जर लावून ठेवा किंवा तिची ऋण तार काढा. मोठ्या बॅटरीसाठी टोयोटा पुस्तिकेत सांगते ते इतरांनाही धरून चालायला हरकत नाही: दोन-तीन महिन्यांतून एकदा निदान ३० मिनिटं किंवा १६ किलोमीटर चालवा. पेट्रोल संपू देऊ नका. टाकी कोरडी झाल्यावर उरलेल्या बॅटरीवर पंपापर्यंत जाण्याचा मोह मोठ्या बॅटरीला अगदी तळाला नेतो, आणि तिथून तिला परत भरायला कधीकधी वर्कशॉपचं खास यंत्र लागतं.

प्लग-इनवाल्यांचा प्रश्न उलटा असतो. रोजचा प्रवास विजेवरच होत असेल तर इंजिन आणि पेट्रोल दोन्ही शिळी होतात. म्हणूनच शेव्हरले व्होल्टसारख्या गाड्या काही आठवड्यांनी इंजिन स्वतःहून चालवून घेतात. तो संदेश आला की पुढे ढकलत बसू नका.

ऑइल, कूलंट, ब्रेक

ऑइल पातळ लागतं, सहसा ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६. इंजिन दिवसातून कितीतरी वेळा थांबतं-सुरू होतं, आणि दर वेळी ऑइल क्षणात वर पोचायला हवं. जाड ऑइल 'जास्त टिकतं' म्हणून घालू नका. चार सिलिंडरच्या बऱ्याच हायब्रिड इंजिनांत फिल्टरसह ३.५ ते ४.२ लिटर ऑइल बसतं. बिलावर पाच लिटर दिसले तर डिपस्टिक काढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर क्रँक त्यात घुसळून फेस करतो आणि ऑइलचा दाब पडतो. मोजताना इंजिन गरम करून बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग बघा. 'हायब्रिडमध्ये इंजिन कमी चालतं, ऑइल दुप्पट चालेल' हा हिशेब चुकीचा आहे. छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, पाण्याची वाफ आणि कच्चं पेट्रोल ऑइलमध्ये राहतं. किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल त्याप्रमाणे बदला.

कूलंटच्या टाक्या बहुधा दोन असतात: एक इंजिनाची, एक इन्व्हर्टरची. सर्व्हिसिंगला दुसरीकडे बघायचं राहून जातं. इन्व्हर्टरचा पंप विजेवरचा असतो. तो बंद पडला तर पी०ए९३ हा कोड येतो आणि गाडी ताकद कापते. कंपनीने सांगितलेलंच तयार मिश्रण घाला. रंग सारखा दिसतो म्हणून दुसरं घालू नका आणि नळाचं पाणी तर नाहीच. पहिली बदली फार उशिरा येते. टोयोटाच्या बऱ्याच मॉडेलांत इन्व्हर्टरचं कूलंट २,४०,००० किलोमीटरपर्यंत चालतं. पातळी मात्र महिन्याला बघा. बंद वर्तुळातलं कूलंट कमी होत असेल तर ते कुठेतरी गळतंय.

ब्रेकची गंमत वेगळीच. वेग कमी करायचं बरंच काम मोटर करते, त्यामुळे पॅड लाखभर किलोमीटर टिकतात आणि मालक खूष असतो. पण न वापरलेल्या डिस्कवर गंज धरतो आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकून अडकतात. मग एका बाजूचा पॅड झिजून संपलेला आणि दुसरा कोरा, असं दृश्य दिसतं. पॅडची जाडी चांगली असली तरी वर्षातून एकदा कॅलिपर उघडून पिना साफ करून योग्य ग्रीस लावायला सांगा. 'ब्रेक तपासले' या दोन शब्दांत ते येत नाही, जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीचा कागद) वेगळं लिहून घ्या. ब्रेक फ्लुइड साधारण दर दोन वर्षांनी. पॅड बदलायला साधं गॅरेज गाठणार असाल तर एक धोका लक्षात ठेवा: काही हायब्रिडमध्ये दार उघडताच किंवा किल्ली जवळ येताच ब्रेकची यंत्रणा स्वतःची चाचणी म्हणून दाब तयार करते. कॅलिपर उघडा असेल तर पिस्टन बाहेर येतो, बोटंही सापडू शकतात. आधी ती यंत्रणा निष्क्रिय करावी लागते, आणि मॉडेलनुसार पद्धत बदलते.

गिअरबॉक्सचं ऑइल 'आयुष्यभराचं' असं सांगितलं जातं. आयुष्य कोणाचं, हे कोणी सांगत नाही. प्लॅनेटरी गिअरच्या ई-सीव्हीटीत (टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडचा गिअरबॉक्स) तीन-चार लिटरच ऑइल असतं, आणि ते मोटरची वेटोळी थंड करायलाही वापरलं जातं. ८०,००० ते १,००,००० किलोमीटरला काढून नवं भरणं हा स्वस्तातला विमा आहे. ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच हवं आणि फ्लशिंग मशीन नको.

एसीबद्दल एकच, पण महागात पडणारी गोष्ट. हायब्रिडचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, म्हणून त्यात वीज न वाहणारं पीओई प्रकारचं ऑइल असतं. साध्या गाड्यांचं पीएजी ऑइल थोडंसंही त्यात गेलं, अगदी आधीच्या गाडीला वापरलेल्या गॅस भरायच्या नळीतून, तर कॉम्प्रेसरचं इन्सुलेशन खालावतं आणि पी०एए६ हा गळतीचा कोड येऊन गाडी रेडीच होत नाही. गॅस भरताना हायब्रिडसाठी वेगळी नळी आणि वेगळं ऑइल आहे का, हे विचारल्याशिवाय हात लावू देऊ नका.

टायरमध्ये स्टिकरप्रमाणे हवा, थंड असताना मोजलेली. नवे टायर घेताना कमी रोलिंग रेझिस्टन्सचे घ्या, नाहीतर मायलेजमध्ये फरक जाणवेल. बाकी इतर गाड्यांसारखंच.

वॉरंटी ही एक नसते

पुस्तिका उघडून एक तक्ता करा: भाग, वर्षं, किलोमीटर, संपायची तारीख. निदान इतक्या ओळी होतील: संपूर्ण गाडी; इंजिन-गिअरबॉक्स; हायब्रिड यंत्रणा, म्हणजे इन्व्हर्टर, बॅटरीचा कंट्रोल कॉम्प्युटर वगैरे; मोठी बॅटरी; १२ व्होल्टची बॅटरी; रंग आणि गंज; टायर, जे बहुधा टायर कंपनीकडे जातात. मोठ्या बॅटरीसाठी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर हा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसतो, पण 'किंवा' चा अर्थ जे आधी होईल ते. वर्षाला ४०,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीची वॉरंटी चार वर्षांत संपते. मोजणी गाडी पहिल्यांदा वापरात आली त्या तारखेपासून होते.

दोन प्रश्न विक्रेत्याला नव्हे, कंपनीला ईमेलने विचारा. एक: बॅटरी बिघडलेली कधी मानणार, क्षमता अमुक टक्क्यांच्या खाली गेल्यावर की फक्त कोड आल्यावर? दोन: वॉरंटीत नवा पॅक मिळेल की दुरुस्त केलेला, आणि त्यावर पुढे किती मुदत? उत्तर जे येईल ते जपून ठेवा.

बाहेर सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी जाते का? हे देशाच्या कायद्यावर आणि पुस्तिकेतल्या शब्दांवर ठरतं. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार, विशिष्ट ब्रँडचा पार्ट फुकट दिल्याशिवाय तोच वापरायची अट कंपनीला वॉरंटीसाठी घालता येत नाही. तुमच्याकडे नियम काय, ते बघा. कुठेही गेलात तरी बिलावर तारीख, किलोमीटर, चासी नंबर, ऑइलची प्रत आणि लिटर, फिल्टरचा पार्ट नंबर हे सगळं हवं. नुसतं 'सर्व्हिसिंग केलं' लिहिलेली पावती दाव्याच्या वेळी रद्दीच्या लायकीची.

वायरिंग कापून जोडलेले हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टिम हे दावा नाकारायचं आवडतं कारण आहे. काही बसवायचंच असेल तर वायर न कापता, मूळ सॉकेटला बसणाऱ्या कपलरने किंवा फ्यूज टॅपने. डॅशकॅमला ठरावीक व्होल्टेजखाली स्वतः बंद होणारं किट लावा.

वाढीव वॉरंटी घेताना तीन ओळी शोधा. करार गाडीच्या कंपनीचा की तिसऱ्याच विम्याचा? मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर नावानिशी आहेत का? आणि मजकूर 'हे वगळून सगळं' असा आहे की 'फक्त एवढंच'? दुसऱ्या प्रकारच्या करारात सेन्सर, तारा आणि पंप यादीत नसतात, आणि बिघडतात तेच.

जॉब कार्ड हेच हत्यार

सर्व्हिस ॲडव्हायझर तुमचं म्हणणं दोन शब्दांत उतरवून घेतो, मेकॅनिक तेच वाचतो आणि वॉरंटी विभागही तेच बघतो. म्हणून निदान सांगू नका, लक्षण सांगा. 'बॅटरी खराब आहे' लिहिलं, तर ती तपासून 'ठीक आहे' असा शेरा मारून गाडी परत येते. त्याऐवजी असं लिहून न्या आणि तसंच उतरवून घ्या: 'सकाळी थंड गाडी, चढावर साधारण ६० च्या वेगात हायब्रिड सिस्टिम तपासण्याचा संदेश आला, ताकद कमी झाली, बंद करून चालू केल्यावर संदेश गेला. आठवड्यात दोनदा.' सोबत तारीख, ओडोमीटर आणि डॅशबोर्डचा फोटो.

दिवा पेटलेला असताना १२ व्होल्टची तार काढू नका आणि कोड पुसू नका. बिघाडाच्या क्षणी कॉम्प्युटरने टिपलेले वेग, तापमान, व्होल्टेज असे आकडे त्याबरोबर पुसले जाऊ शकतात, आणि मग मेकॅनिक अंधारात चाचपडतो. ओबीडी ॲपने कोडचा स्क्रीनशॉट घेतला तर उत्तम; डोंगल मात्र लगेच काढून ठेवा.

गाडी परत घेताना:

– दोष सापडला नाही तरी 'तक्रार नोंदवली, दोष आढळला नाही' असं लिहिलेलं, बंद केलेलं जॉब कार्ड घ्या. तोंडी 'सगळं ओके आहे' याला किंमत नाही. वॉरंटीत नोंदलेली तक्रार मुदतीनंतर पुन्हा उद्भवली तर तुमची बाजू भक्कम राहते.

– कोणते कोड मिळाले, कोणता पार्ट बदलला, कोणतं सॉफ्टवेअर अपडेट केलं, हे कार्डावर हवं.

– पैसे देऊन बदललेले जुने भाग परत मागा. हे आधीच, कार्ड उघडताना सांगा. वॉरंटीत बदललेले भाग कंपनीकडे जातात, ते मिळत नाहीत.

– तपासणीचे पैसे कोण देणार? दोष वॉरंटीतला निघाला नाही तर किती, ही मर्यादा सही करण्याआधी लिहून घ्या.

सर्व्हिसिंगच्या अंदाजपत्रकाची पुस्तिकेतल्या वेळापत्रकाशी ओळ न ओळ तुलना करा. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल क्लीनिंग, एसी सॅनिटायझेशन अशा ओळी वेळापत्रकात सहसा नसतातच. 'धुळीत आणि कोंडीत चालते म्हणून लागतं' असं उत्तर आलं, तर पुस्तिकेतलंच कठीण परिस्थितीचं वेळापत्रक काढा. त्यात खरंच काही कामं लवकर सांगितलेली असतात, आणि ती मात्र टाळू नका.

चासी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर वर्षातून दोनदा रिकॉल तपासा. रिकॉल म्हणजे सुरक्षेचा दोष, तो फुकट दुरुस्त होतो. तांत्रिक बुलेटिन वेगळं: तो मेकॅनिकला दिलेला दुरुस्तीचा मार्ग असतो आणि फुकट होतं ते वॉरंटीत असेल तरच. तुमच्या लक्षणाशी जुळणारं बुलेटिन आहे का, हा प्रश्न ॲडव्हायझरला जरूर विचारा. माहीत असूनही आपणहून सांगायची पद्धत नाही.

गाडं अडलं तर

एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा जावं लागलं की ॲडव्हायझरशी वाद घालू नका. वर्कशॉप मॅनेजरला सांगून त्याच्याबरोबर गाडी चालवा आणि लक्षण त्याला दाखवा. तरी सुटलं नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा: चासी नंबर, तिन्ही जॉब कार्डांचे क्रमांक, तारखा, आणि एका वाक्यात मागणी. 'कंपनीचा क्षेत्रीय तांत्रिक अधिकारी गाडी तपासेल अशी व्यवस्था करावी' ही मागणी 'मला न्याय द्या' पेक्षा लवकर फळते. प्रकरण क्रमांक घ्या आणि फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने परत लिहून पाठवा. दुसऱ्या अधिकृत डीलरकडे जायलाही हरकत नाही. वॉरंटी कंपनीची असते, आणि विकलेली गाडी आपली नाही या सबबीवर दुसरा अधिकृत डीलर सहसा नाही म्हणू शकत नाही. ग्राहक न्यायालय किंवा लवाद ही शेवटची पायरी. तिथे वकिलापेक्षाही हीच फाइल बोलते.

मुदत नुकतीच संपली असताना मोठी बॅटरी किंवा इन्व्हर्टर गेला तर लगेच पूर्ण बिल भरू नका. कंपनीकडे सद्भावना म्हणून खर्चात वाटा उचलायची मागणी करा. पार्टचा खर्च, मजुरी, किंवा दोन्हींचा काही भाग अशी वाटणी होऊ शकते. वेळेवर केलेल्या सर्व्हिसिंगच्या नोंदी आणि मुदतीत नोंदवलेली तीच जुनी तक्रार असेल तर शक्यता बरीच वाढते. नकार आला तर तीन पर्यायांचे भाव मागवा: कंपनीचा नवा पॅक, दुरुस्त करून विकलेला पॅक, आणि फक्त खराब मॉड्यूल बदलणं. तिसरा सर्वांत स्वस्त दिसतो, पण २८ मॉड्यूलच्या पॅकमध्ये एक नवं मॉड्यूल जुन्या सत्तावीसांच्या ओळीत बसवलं की बऱ्याचदा काही महिन्यांत दुसरं एखादं जातं. गाडी लवकरच विकायची नसेल तर त्यात पैसे घालू नका, आणि दुरुस्त केलेला पॅक घेताना विक्रेता किती महिन्यांची, मजुरीसह की मजुरीशिवाय वॉरंटी देतो, ते बिलावर लिहून घ्या.